सगुणाबाईंचा नवस

सोपानराव साळवे यांच्या अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आजवर तीनदाच चढला होता. लग्नात, मैत्रीच्या बाप्तिस्म्याला आणि या रविवारी. पहिल्या दोन वेळी खिसा रिकामा होता. आज त्यात घडी घातलेलं एक पत्र होतं, आणि सकाळच्या उपासनेपासून ते छातीला टोचत होतं. कागद काही टोचत नाही, हे सोपानरावांनाही कळत होतं. टोचत होतं ते त्यात लिहिलेलं.

घाटापलीकडच्या एका वाडीवर सुवार्तिक म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. राहायला प्रार्थनाघराला लागून एक खोली. दर रविवारी उपदेश, बुधवारी घरोघर सभा. खाली सहीची जागा कोरी ठेवलेली. ती सही आज संध्याकाळी, रहाटणीच्या घराच्या गच्चीवर, सगळ्या मंडळींच्या देखत व्हायची होती. गुरुवारी सोपानराव चाकणच्या कंपनीतून निवृत्त झाले होते. त्याबद्दल देवाचे आभार मानायला घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली होती, आणि त्याच सभेत त्यांच्या आईचा, सगुणाबाईंचा, साठ वर्षांचा नवस फिटायचा होता.

नवसाची हकीकत घरातल्या भिंतींनाही पाठ होती. नेवाशाकडच्या खेड्यात सगुणाबाईंची दोन मुलं पाठोपाठ दगावली. तिसरा सोपान सातव्याच महिन्यात झाला, इतकासा. सुईणीने बघून मान हलवली. तेव्हा सगुणाबाईंनी त्याला पदरात घेऊन देवाला सांगितलं, हा जगला तर तुझ्या वेदीपाशी उभा करीन. सोपान जगला. एकोणिसाव्या वर्षी पाळक व्हायला सेमिनरीत गेलाही. वर्ष पुरं व्हायच्या आत वडील वारले, घरात कमावतं कुणी उरलं नाही, आणि थोरल्याने शिक्षण सोडून पिंपरीची वाट धरली. भोसरीच्या एका शेडमध्ये प्रेसवर लागला, पुढे चाकणला गेला, पत्र्याला डायखाली दाबून गाड्यांचे भाग काढत राहिला. धाकटा शांतवन त्याच्या पगारावर त्याच सेमिनरीत शिकला आणि पाळक झाला. एक मुलगा पाळक झाला म्हणजे देवाशी बोललेला शब्द पाळला गेला, असं दुसऱ्या कुठल्याही बाईला वाटलं असतं. सगुणाबाईंना वाटत नव्हतं. नवस थोरल्याचा होता, आणि देवासमोर त्या धाकट्याला थोरला म्हणून खपवणार नव्हत्या.

हे सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. एक गोष्ट मात्र सोपानरावांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. वडील गेल्यावर सेमिनरीचं फाटक मागे टाकून ते एस.टी.त बसले, तेव्हा त्यांना हलकं वाटलं होतं. बाप गेलेला, चूल पेटायची पंचाईत, आणि खिडकीपाशी बसलेला हा पोरगा मनात म्हणत होता, सुटलो. कारण सेमिनरीतल्या पहिल्या उपदेशाला ते सात मिनिटं नुसते उभे राहिले होते, आणि मग 'आमेन' म्हणून खाली बसले होते. देवावर विश्वास पुष्कळ होता. चार माणसांपुढे तोंड उघडायचं म्हटलं की मात्र जीभ टाळ्याला चिकटायची. त्या एस.टी.तल्या हलकं वाटण्याची लाज त्यांनी चाळीस वर्षं बाळगली, आणि आता तिच्यापायी साठाव्या वर्षी दर रविवारी उपदेश करायला निघाले होते.

स्वयंपाकघरात त्यांची बायको सुवार्ता मटणाच्या पातेल्यावर झाकण ठेवत होती.

"अहो, त्या खिशाला सारखा हात लावू नका. डाग पडेल."

"पत्र आहे का बघत होतो."

"पळून जाणार आहे का ते?"

मुलगी मैत्री ओट्यापाशी काकडी चिरत होती. ती हिंजवडीत नोकरीला होती आणि रविवारी तरी आपल्याला कुणी प्रश्न विचारू नये, असं तिचं म्हणणं असे. आज मात्र प्रश्न तिच्याकडेच होते. "पप्पा, कंपनीतून परत फोन आला होता. नव्या पोरांना शिकवायला आठवड्यातले तीन दिवस येता का, विचारत होते. उद्या सोमवारपासून. तुम्ही त्यांना 'नाही' का म्हणालात?"

"अगं, चाळीस वर्षं पत्राच ठोकला. आता देवाचं काम करायचं."

"शिकवायला तुम्हाला आवडतं की."

"आवडण्याचा काय संबंध?" सोपानराव जरा जास्तच जोरात बोलले.

सुवार्ताने पळी खाली ठेवली. ती भांडणारी बाई नव्हती. ती नुसतं विचारायची, आणि ते भांडणापेक्षा जड जायचं. "मी अडवत नाही हं तुम्हाला. सही करा, मी खोली झाडायला येते तिकडे. शिलाई मशीन घेऊन येते. फक्त एवढं सांगा, उपदेश कोण करणार? मागं गल्लीच्या मीटिंगमध्ये तुम्ही पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला उभे राहिलात, आणि 'टाकी' एवढं बोलून बसलात."

मैत्री खुदकन हसली. सोपानरावांनाही हसू आलं असतं, पण तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून हाक आली.

"सोपान!"

सगुणाबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्र्याऐंशी वर्षांच्या, डोळ्यांनी अधू, कानांनी मात्र भलत्याच तिखट. अंगावर नवं पांढरं नऊवारी लुगडं. त्यांनी लेकाचा हात चाचपून धरला.

"भ्यालास व्हय रं?"

"नाही, आई."

"मंग हात गार का पडलाय?" त्यांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. "सोपान, मला कुनाचा राग न्हाई. तू कमवलंस म्हनून आमी जगलो. पन मरताना देवाला काय सांगू? तुला दिलेला शबूद मोडला म्हनू? रोज रातच्याला तेच येतं मनात. आज सही झाली की म्या मोकळी."

मोकळी होण्याची आस लागलेल्या आईला काय सांगायचं? सोपानरावांनी फक्त मान हलवली, आणि आईला दिसलं नसेल म्हणून तोंडानेही म्हणाले, "हो, आई."

जिन्यात शांतवन भेटला. गळ्यात पाळकांची पांढरी पट्टी, हातात सभेचा कागद, कपाळावर घाम. मंडळीपुढे तो तासभर कागद न बघता बोलायचा, भावापुढे मात्र अडखळायचा.

"सलाम, दादा. एक मिनिट थांब." त्याने मागेपुढे बघितलं. "सभेच्या आधी बोलायचंय. तुझ्या जागेवर मी बसलो, हे मी एक दिवस विसरलो नाही. उपदेशाला उभा राहतो तेव्हा दर वेळी वाटतं, इथे दादा असायला पाहिजे होता. तू पत्रा उचललास आणि मी शिकलो. ही नेमणूक मिळवायला चार महिने खेटे घातले. साठीच्या माणसाला कोण घेतं? पण मी सोडलं नाही. तुझं होतं ते तुला परत द्यायचं होतं."

त्याचे डोळे भरून आले होते. सोपानरावांच्या अगदी ओठांवर आलं, शांतवन, मला ते नकोच होतं रे. पण चार महिने खेटे घातलेल्या माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तो चाळीस वर्षं ज्या ओझ्याखाली वाकला, ते ओझंच नव्हतं म्हणून सांगायचं?

"चार महिने?" ते एवढंच म्हणाले.

"मग!"

"बरं केलंस."

झालं. या दोन शब्दांनी आपण स्वतःच दार लावून घेतलं, हे वर जाताना त्यांना कळलं. आता सही करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

गच्चीवर मांडव घातला होता. साठेक माणसं होती. खुर्च्या शेजारच्या बबनरावांनी दिल्या होत्या आणि खुर्च्या आपल्या म्हणून पहिल्या रांगेतली मधली त्यांनीच अडवली होती. तिच्या शेजारी सगुणाबाईंना धरून वर आणून बसवलं होतं. मागच्या रांगेत कंपनीतली आठ पोरं धुतलेले शर्ट घालून अवघडून बसली होती. सभेत कधी उठायचं आणि कधी बसायचं याचा त्यांना पत्ता नव्हता. पहिलं गीत संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मंडळीतल्या दोन म्हाताऱ्यांनी मागे वळून बघितलं.

मग साक्षी सुरू झाल्या, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते एकेकाने उठून सांगायचं. मंडळीतल्या एका निवृत्त परिचारिकेने पित्ताशयातल्या खड्यांची साक्ष दिली, खड्यांच्या मापासकट. बबनरावांना राहवलं नाही. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "आमाला साक्ष-बिक्ष कळत न्हाई. पन मानूस चांगला हाय. वीस वर्सं शेजारी हाय आमी, कदी भांड्याला भांडं लागलं न्हाई." मंडळी हसली. सोपानराव खाली बघत बसले होते. समोरच्या टेबलावर पत्र आणि पेन ठेवलं होतं.

"सहीच्या आधी," शांतवन म्हणाला, "दादाच्या कंपनीतल्या कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर..."

मागच्या रांगेत ढकलाढकली झाली आणि तिशीचा एक काळासावळा पोरगा पुढे आला. त्याच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"नमस्कार. म्या नवनाथ. लातूरकडचा हाय. सोपानमामाच्या हाताखाली शिकलो, आता नव्या शेडमध्ये असतो. मला बोलायला येत न्हाई." त्याने कागद सोडला. "कंपनीनं मामाला घड्याळ दिलं, ते दिलंच. पण आमी पोरं म्हणलो, आपल्याकडून बी कायतर द्यावं. तर हे आणलं. साहेबांना इचारून काढलंय बरं का, चोरून न्हाई."

आत प्लास्टिक चढवलेली एक तक्ती होती. मशीनवर चिकटवतात तसली, कडेने तेलाने पिवळी पडलेली. नवनाथने ती मैत्रीच्या हातात दिली. "ताई, तुमी वाचा. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

मैत्रीने वाचलं. "प्रेस चालू करण्यापूर्वी. एक, डायचे बोल्ट तपासा. दोन, हवेचा दाब पाहा. तीन, समोरच्या जाळीच्या गार्डवर उजवा हात ठेवून, डोळे मिटून, तीस सेकंद स्तब्ध उभे राहा. चार, दोन्ही हातांनी बटणे दाबा."

सोपानरावांनी मान वर केली. "तीन नंबर परत वाच."

मैत्रीने परत वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

"तुमीच की, मामा," नवनाथ म्हणाला. "म्हंजे दिव्या मॅडमनी लिहिलं. आठ वर्सं झाली. त्या इंजिनियर म्हणून नव्यानं आलत्या. त्यांना वरून सांगितलं, सगळ्यात नीट काम कोण करतं बघा, आन् तो काय काय करतो ते जसंच्या तसं लिवून काढा. चार दिवस तुमच्या मागं वही घेऊन उभ्या व्हत्या."

वही घेतलेली ती मुलगी सोपानरावांना आठवली. माल किती निघतो ते मोजत असेल, असं त्यांना वाटलं होतं. सोपानराव मशीनला डाय बसवून देणारे सेटर, तेही जुन्या शेडचे. नव्या शेडमध्ये त्यांचं जाणं क्वचित, आणि गेले तरी चष्मा घरी.

"ते लावलं नव्या शेडच्या अकरा प्रेसवर," नवनाथला आता सूर सापडला होता. "बाहेरदेशीचे साहेब तपासणीला आले, त्यांनी इचारलं, हे तीन नंबर काय? मॅडम म्हणल्या, मशीनचा आवाज ऐकून घ्यायची पद्धत हाय. त्यांनी शाबासकी दिली. आमी बी तेच करतो. डोळे मिटायचे, तीस मोजायचे. कटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. सुपरवायझर वरडायचा, माल काढा म्हणून. पण मामांनी घालून दिलंय म्हणल्यावर मोडायचं कसं?"

तो थांबला. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "दोन वर्सांमागं म्या असाच गार्डवर हात ठेवून उभा व्हतो. मोजत व्हतो. सतरा, अठरा. आन् पत्रा दाबणारा रॅम खाली आला. आपोआप. कुणी बटण दाबलं न्हवतं. हवेचा वॉल्व्ह गेलता. म्या जर मोजत नसतो, तर त्या टायमाला माझे दोन्ही हात डायमध्ये असते, पत्रा लावत." त्याने हात वर केले आणि मग काय करावं ते न सुचून खाली घेतले. "गेल्या साली लग्न झालं माझं. हळद लागली या हातांना. एवढंच सांगायचं व्हतं."

मांडवातल्या काहींनी नकळत आपापली बोटं मिटली. या पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीत, निदान ओळखीच्या ओळखीत, प्रेसमध्ये बोटं गेलेला एक तरी माणूस होता. बबनरावांनी घसा खाकरला.

सोपानराव उभे राहिले. आपण का उठलो, हे त्यांना उठल्यावर कळलं. पोरांची एक चूक झाली होती आणि ती मुकाट घशाखाली घालणं त्यांना जमणार नव्हतं.

"ते..." ते म्हणाले. सुवार्ताने श्वास रोखला. 'टाकी'च्या वेळीही त्यांचा असाच चेहरा झाला होता. "ते तपासणं नव्हतं रे, नवनाथ. मी मशीनचा आवाज वगैरे काही ऐकत नव्हतो. मी प्रार्थना करायचो."

नवनाथ बघतच राहिला. "प्रार्थना?"

"हो. मनातल्या मनात."

"मग आमाला बोलला का न्हाई?"

"कुणी विचारलं नाही."

"आमाला वाटलं, सेटरचं कायतर असंल!"

पहिल्यांदा हसले ते बबनराव, आणि मग सगळा मांडव हसला. सोपानराव मात्र उभेच होते, कारण पहिल्या रांगेतून एक हात त्यांच्या दिशेने वर झाला होता.

"काय प्रार्थना करायचास?" सगुणाबाईंनी विचारलं.

"एकच ओळ, आई. प्रभू, यांचे हात सांभाळ. मग शिफ्टमधल्या पोरांची नावं."

"कवापासून?"

"भोसरीतल्या पहिल्या दिवसापासून."

"हातच का रं?"

सोपानरावांनी आईकडे बघितलं. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं आणि या घरात ते चाळीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. गुऱ्हाळात ऊस घालताना वडिलांचा हात चरकात गेला होता, कोपरापर्यंत. नवव्या दिवशी धनुर्वाताने ते गेले.

"आबांमुळे," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी प्रेस बघितली आणि मला चरक दिसला."

सगुणाबाईंनी वर केलेला हात खाली घेतला. सोपानरावांना वाटलं, आता बसावं. पण एवढं बाहेर आलंच होतं, तर उरलेलं आत ठेवण्यात काही अर्थ नव्हता. आणि जीभ आज कधी नव्हे ती चालत होती.

"आई, आणखी एक सांगतो. मग तू म्हणशील तिथे सही करतो. सेमिनरी सोडली तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. सुटलो, असं वाटलं. आणि कंपनीत मला आवडायचं. डाय बरोबर बसली की आवडायचं, नवं पोरगं हाताखाली तयार झालं की आवडायचं. चाळीस वर्षं आवडलं. मला वाटायचं, देवाचं काम टाकून आलेल्या माणसाला एवढं आवडणं बरं नव्हे. म्हणून कुणाला बोललो नाही."

सुवार्ताने पदराने डोळे पुसले. ती रडत होती आणि हसतही होती. हा माणूस दुसऱ्या शिफ्टला निघताना जिन्यात शीळ घालतो, हे तिला तीस वर्षं माहीत होतं. त्यात लपवण्यासारखं काही असेल, हे मात्र तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

शांतवन हातातला कागद विसरून भावाकडे बघत होता. "दादा, तुला सुटलो वाटलं?"

"हो रे."

"आणि मी चाळीस वर्षं तुझी जागा घेतली म्हणून..." त्याने कपाळावर हात मारला. "अरे, मघाशी जिन्यात तरी सांगायचंस!"

"तू चार महिने खेटे घातलेले."

शांतवन आधी हसला आणि मग एकदम खुर्चीत बसला. जड पोतं कुणी पाठीवरून उतरवून घेतल्यावर माणूस बसतो तसा. "आई," तो म्हणाला, "मी रोज प्रार्थना करतो. मोठमोठ्याने करतो. माझी एक प्रार्थना कुणी भिंतीवर लावून पाळली नाही गं अजून."

सगळे आता सगुणाबाईंकडे बघत होते. त्यांनी मान एका बाजूला केली होती. त्या काय म्हणतील याचा अंदाज सोपानरावांना येत नव्हता. साठ वर्षं त्या देवाशी एकाच गोष्टीवरून बोलत आल्या होत्या, आणि आत्ता लेकाने सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं की त्याला ती गोष्ट नकोच होती.

"त्या लातूरच्या पोराला इकडं बोलवा," त्या म्हणाल्या.

नवनाथ पुढे येऊन त्यांच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला.

"हात दे."

त्याने दोन्ही हात पुढे केले. सगुणाबाईंनी उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट चिमटीत धरून बघितलं. मग डावा. नखं, पेरं, सगळं. डोळ्यांनी दिसत नव्हतं, त्यामुळे त्यांना घाई नव्हती.

"दुसरं कोन हाय?"

गणराज आला. मग अजिंक्य. पोरं एकेक करून खाली बसत होती, हात पुढे करत होती, उठत होती. मांडवात खुर्ची हलली नाही. रश्श्याला उकळी येऊन खाली पातेल्यावरचं झाकण थडथडायला लागलं, तरी सुवार्ता जागची उठली नाही. सगुणाबाई शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांचं मोजणं विसांचं होतं. दोन पोरं झाली की त्या एक वीस म्हणायच्या. आठवा पोरगा उठला तेव्हा त्यांनी आपले हात मांडीवर ठेवले.

"चार विसा," त्या म्हणाल्या. "समदी हाईत."

मग म्हणाल्या, "म्या देवाला म्हनले हुते, वेदीपाशी उभा करीन. देवानं त्याला मशीनपाशी उभा केला. त्याला जिथं पायजे हुता तिथं. म्या बाई उगाच दर रातच्याला त्याची माफी मागत बसले." त्यांनी पदर तोंडावर धरला आणि लगेच काढला. "नवस फिटला रं सोपान. कवाच फिटलाय. तू कशाला सही करतोस?"

सोपानरावांना खूप बोलावंसं वाटत होतं, पण जिभेची आजची मुदत संपली होती. त्यांनी टेबलावरचं पत्र उचलून शांतवनला दिलं. शांतवनने ते बघितलं आणि आपल्या खिशात घातलं.

"मंडळीत एक पोरगा आहे," तो म्हणाला. "दोन वर्षं मागे लागलाय, वाडीवर पाठवा म्हणून. तो खूश होईल."

"मामा," नवनाथने हळूच विचारलं, "मग उद्या येता का? साहेब इचारायलेत. पंधरा नवी पोरं आलीत. त्यांना प्रेस म्हंजे काय तेच ठावं न्हाई."

सोपानरावांनी सुवार्ताकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? डबा सात वाजता लागेल ना?"

"येतो," सोपानराव म्हणाले. "पण त्या तीन नंबरचं काय करायचं? तुम्हाला आता कळलं ते काय आहे."

"ऱ्हाऊ द्या की," नवनाथ म्हणाला. "ज्याला प्रार्थना करायची तो करंल, ज्याला मोजायचं तो मोजंल. तीस सेकंद थांबायचं, एवढं खरं."

शांतवन शेवटच्या प्रार्थनेला उठला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. पाळकसाहेबांची प्रार्थना लांब असते हे मंडळीला ठाऊक होतं, म्हणून काही जण आधीच रेलून बसले. पण त्याने तोंड उघडायच्या आत सगुणाबाईंनी काठी फरशीवर आपटली.

"तू न्हाई. तो करंल. मशीनपाशी करायचा ती. मला ऐकायचीय."

सोपानराव परत उभे राहिले. साठ माणसांनी डोळे मिटलेले होते, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि ते फार सोयीचं होतं. हात ठेवायला समोर गार्ड नव्हता. त्यांनी तो आईच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"प्रभू," ते म्हणाले, "यांचे हात सांभाळ. नवनाथ. गणराज. अजिंक्य." आठही नावं झाली. मागच्या रांगेत कुणीतरी आपलं नाव ऐकून नाक ओढलं. "आणि उद्या येणारे पंधरा. त्यांची नावं मला उद्या कळतील. आमेन."

मंडळी डोळे मिटून पुढची वाट बघत राहिली. पुढे काहीच नव्हतं. सगुणाबाईंनी मान वर केली.

"एवढीच करायचास?"

"एवढीच, आई."

"पुरं हाय," त्या म्हणाल्या, आणि सुवार्ताला पानं वाढायला सांगितलं.